वैमानिकाच्या हाताचं गणित

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अभियंत्यांपुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. तोफेचा बुरूज विजेच्या मोटरने फिरवायचा होता. मोटरची ताकद, दातेरी चाकांतली ढिलाई, बुरुजाचं वजन हे सगळं आकड्यांत मांडता येत होतं. पण बुरूज फिरवणारी मूठ माणसाच्या हातात होती आणि त्या माणसाबद्दल कागदावर लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. पळत्या लक्ष्यावर नेम धरताना तो मूठ किती फिरवील, किती उशिरा फिरवील, जास्त फिरली तर केव्हा मागे घेईल? साखळीतला हा एक दुवा कोरा असताना बाकीची आकडेमोड अर्धवटच राहत होती.

मँचेस्टरच्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीतले अभियंते आर्नल्ड टस्टिन यांनी हा दुवा भरायला घेतला. नेमबाजांच्या हाताच्या हालचाली नोंदवून त्यांनी त्यांचे दोन भाग पाडले. एक भाग समोर दिसणाऱ्या तफावतीशी, म्हणजे हवं ते आणि आहे ते यांतल्या फरकाशी, नियमाने बांधलेला होता. मोटरला लावतात तसलीच समीकरणं त्याला लागू पडत. दुसरा भाग कुठल्याच नियमात न बसणारा, शिल्लक राहिलेला. १९४७ साली टस्टिन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे वैमानिकाच्या वागण्याचं जे गणित उभं राहिलं, त्याचा पाया ही वाटणीच आहे.

त्याच काळात केंब्रिजमध्ये केनेथ क्रेक हा तरुण मानसशास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूने याच प्रश्नाकडे आला होता. हवाई दलाचे वैमानिक थकले की काय होतं, हे तपासायला प्रयोगशाळेत स्पिटफायर विमानाचं कॉकपिट बसवलं होतं. आतले काटे वैमानिकाच्या हालचालींना खऱ्यासारखे उत्तर देत. त्यात वैमानिकांना तास-दोन तास बसवल्यावर जे दिसलं ते अस्वस्थ करणारं होतं. थकलेला वैमानिक जास्त ढिला पडत होता, हे अपेक्षितच होतं. पण त्याला स्वतःला त्याची जाणीवच नव्हती. काट्याचा जो थोडासा ढळ सुरुवातीला त्याला खपत नसे, तो हळूहळू चालवून घेतला जाई. कडेच्या इंधनाच्या काट्याकडे तर तो बघेनासाच होई. क्रेक यांनी पुढे असंही मांडलं की माणूस अखंड सुधारणा करत नाही. साधारण अर्ध्या सेकंदाच्या अंतराने तो छोट्या छोट्या दुरुस्त्या करत जातो. त्यांचे यावरचे लेख छापून येण्याआधीच, युरोपातलं युद्ध संपल्याच्या आदल्या दिवशी, ७ मे १९४५ रोजी, केंब्रिजच्या रस्त्यावर सायकलवर असताना त्यांना अपघात झाला आणि त्यात ते गेले. वय होतं अवघं ३१. त्यांना आणखी वीस वर्षं मिळाली असती तर हे शास्त्र कुठे असतं, हा विचार मनातून जात नाही.

सिम्युलेटर तोवर नवा राहिला नव्हता. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनच्या एडविन लिंक यांनी १९२९ मध्येच, वडिलांच्या ऑर्गन-पियानोच्या कारखान्यातले भाते वापरून, डुलणारं, कलणारं शिकाऊ विमान बनवलं होतं. पण लिंक यांचं यंत्र वैमानिकाला शिकवण्यासाठी होतं. वैमानिकाकडूनच काही शिकायचं, त्यालाच मोजायचं, ही कल्पना टस्टिन आणि क्रेक यांच्यानंतर मूळ धरू लागली. तिला पूर्ण रूप दिलं ते अमेरिकेत ड्युएन मॅकरूअर आणि एझरा क्रेंडेल यांनी. त्यांचा पहिला मोठा अहवाल १९५७ सालचा आणि ज्याच्यावर आजही सगळे येऊन थांबतात तो दुसरा, डन्स्टन ग्रॅहम आदी सहकाऱ्यांसह केलेला, १९६५ सालचा.

प्रयोग दिसायला अगदी साधा असतो. वैमानिक खुर्चीत बसतो, हातात नियंत्रणाची दांडी. समोरच्या पडद्यावर विमानाची खूण आणि क्षितिजाची रेषा. रेषा आपोआप वर-खाली होत राहते. वैमानिकाने दांडी पुढे-मागे करून ती मधोमध ठेवायची. एवढंच. मिनिट-दीड मिनिटाची एक फेरी, थोडी विश्रांती, पुन्हा फेरी. बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल, पण खुर्चीतल्या माणसाच्या कपाळावर घाम येतो.

खरी करामत आहे ती रेषा हलवण्यात. एकाच संथ लाटेवर रेषा डोलू लागली तर वैमानिक तिची चाल पाठ करून टाकील आणि रेषा कुठे जाणार हे आधीच ओळखून हात हलवील. मग जे मोजलं जाईल ते पाठांतर, प्रतिसाद नव्हे. म्हणून निरनिराळ्या वेगाच्या अनेक लाटा एकात एक मिसळतात. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या सिमोना या सिम्युलेटरवर अशा प्रयोगांत सहसा दहा लाटा घेतात आणि एका फेरीतले ८१.९२ सेकंद मोजायला धरतात. आकडा विचित्र वाटतो, पण सेकंदाला १०० नोंदी या हिशोबाने त्यात बरोबर ८,१९२ नोंदी बसतात. ही संख्या दोनचा तेरावा घात आहे, आणि संगणकाला लाटा सुट्या करायला अशीच संख्या सोयीची पडते. प्रत्येक लाटेची पूर्ण आवर्तनंच त्या वेळात बसतील, असं बघून लाटा निवडलेल्या असतात. दहांची बेरीज पडद्यावर निव्वळ बेभरवशाची हालचाल वाटते. गणिताला मात्र त्यातली प्रत्येक लाट वेगळी ओळखता येते.

फेरी संपली की दांडीची नोंद घ्यायची आणि त्यात त्याच दहा लाटा शोधायच्या. प्रत्येक लाटेसाठी दोनच प्रश्न विचारायचे: हात किती हलला आणि किती मागून हलला? समजा, डोळ्यांनी पाहण्यापासून हात हलेपर्यंत ०.३ सेकंद जातात. सहा सेकंदांत एक आवर्तन घेणाऱ्या संथ लाटेच्या मानाने हा उशीर वर्तुळाच्या ३६० अंशांतले जेमतेम १८ अंश. पण १.२ सेकंदांत आवर्तन पुरं करणाऱ्या चपळ लाटेच्या मानाने तोच उशीर ९० अंश, म्हणजे पाव आवर्तन. लाट जितकी जलद तितका हात मागे पडत जातो आणि त्या मागे पडण्याच्या चढावरून माणसाचा विलंब मोजता येतो. डोळा, मेंदू, मज्जातंतू, स्नायू यांचा एकत्रित उशीर, कुठेही सुई न टोचता! दहा लाटांपैकी कशातच न बसणारी जी हालचाल उरते, ती टस्टिन यांची शिल्लक. तीही टाकून देत नाहीत. थकवा वाढला, लक्ष उडालं किंवा काम अवघड झालं की शिल्लक फुगते आणि तिच्यावरूनही वैमानिकाची अवस्था कळते.

आता या सगळ्यातला गाभा. मॅकरूअर आणि मंडळींनी दांडीच्या मागे निरनिराळी 'विमानं' लावून पाहिली. एका प्रकारात दांडी जेवढी हलवावी तेवढीच रेषा सरकते. दुसऱ्यात दांडीने रेषेचा वेग ठरतो; दांडी धरून ठेवली तर रेषा सरकतच राहते. तिसऱ्यात दांडीने वेगातला बदल ठरतो. दांडी मध्यावर आणली तरी रेषा मिळालेल्या वेगाने पुढे जातच राहते आणि तिला थांबवायला उलटा धक्का द्यावा लागतो. तीन यंत्रांचे तीन स्वभाव. वैमानिक तोच.

अपेक्षा अशी होती की वैमानिकाचं एक समीकरण सापडेल, मोटरला असतं तसं. सापडलं ते वेगळंच. तिन्ही यंत्रांपुढे वैमानिक तीन वेगवेगळी माणसं असल्यासारखा वागला. पहिल्या, ताबडतोब हलणाऱ्या यंत्रापुढे त्याने स्वतःला संथ केलं. तफावत साचू देत, मुरवत हात हलवला. दुसऱ्यापुढे तो सरळसोट झाला: जितकी तफावत तितकी दांडी. तिसऱ्या, घसरणाऱ्या यंत्रापुढे तो रेषा कुठे आहे यापेक्षा कुठे निघाली आहे हे पाहू लागला आणि आधीच हात हलवू लागला. वैमानिक बदलला, यंत्र बदललं, पण वैमानिक आणि यंत्र यांची जोडी मिळून जे घडत होतं ते महत्त्वाच्या टापूत दर वेळी जवळपास तेच राहिलं. तफावत जितकी मोठी तितक्या वेगाने ती मिटवली जायची, किंचित उशिराने. एवढ्या एका वाक्यात बसणारा हा नियम 'क्रॉसओव्हर मॉडेल' या नावाने ओळखला जातो.

यंत्राचा जो गुण कमी असेल तो माणूस आपल्या पदरचा घालतो आणि जो जास्त असेल तो स्वतःत कमी करतो. त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं आणि विचारलं तर सांगताही येत नाही. माणसाच्या कौशल्याबद्दल एवढं नेमकं आणि एवढं आदराने बोलणारं दुसरं समीकरण माझ्या पाहण्यात नाही.

पण ही भर फुकट घालता येत नाही. पुढचं पाहून हात हलवणं दमवणारं असतं. लांब झाडू तळहातावर उभा तोलून पाहा आणि मग पेन्सिल तोलून पाहा. सव्वा मीटरभर लांबीच्या झाडूचा कल पावणेतीन पट व्हायला ०.३ सेकंदाच्या आसपास लागतात. बोटभर पेन्सिलीला ०.१ सेकंद. आपला स्वतःचा उशीरच ०.२ ते ०.३ सेकंद असल्याने झाडू सराईत हाताला सावरता येतो, पेन्सिल मात्र कितीही सराव केला तरी निसटते. कारण कौशल्याचं नाही, उशिराचं आहे. विमानही काही वेगळं नाही. जे विमान वैमानिकाला सतत पुढचं पाहायला लावतं, ते तो उडवू शकतो, पण त्याची सगळी शिदोरी तिथेच खर्च होते. रेडिओ ऐकायला, इंधन बघायला काही उरत नाही. नासाचे चाचणी-वैमानिक जॉर्ज कूपर आणि कॉर्नेल प्रयोगशाळेचे रॉबर्ट हार्पर यांनी १९६९ मध्ये वैमानिकांसाठी १ ते १० अशी श्रेणी तयार केली. त्यात विमान कसं उडतं यापेक्षा, ते नीट उडवायला तुम्हाला किती भर घालावी लागली, हे विचारलेलं असतं. समीकरणातलं 'पुढचं पाहणं' वाढलं की वैमानिकांनी दिलेल्या श्रेणीही बिघडतात. मोजलेलं आणि सांगितलेलं इथे एकमेकांशी जुळतं, म्हणूनच अभियंत्यांचा या मॉडेलवर विश्वास बसला.

आता थोडी आकडेमोड करू, कारण हे शास्त्र कशासाठी आहे ते तिच्याशिवाय दिसणार नाही. समजा, तफावत १ अंश असेल तेव्हा वैमानिक ती सेकंदाला ३ अंश या वेगाने मिटवायला जातो. या तिनाच्या आकड्याला अभियंते 'गेन' म्हणतात. हाताची तातडी म्हणा. क्रॉसओव्हर मॉडेलचं सांगणं असं की तातडी आणि एकूण विलंब यांचा गुणाकार १.५७ च्या आत असेल तोवर तफावत मिटते. त्याच्या वर गेला की प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. आपल्या वैमानिकाचा विलंब ०.३ सेकंद. गुणाकार ०.९. सगळं ठीक.

आता त्याच वैमानिकाला अशा विमानात बसवू, ज्यात दांडी हलल्यापासून विमान प्रत्यक्ष वळायला लागेपर्यंत आणखी ०.२५ सेकंद जातात. एकूण विलंब ०.५५. गुणाकार १.६५. मर्यादा ओलांडली! हात तेच, डोळे तेच, कौशल्य तेच. पण नाक वर-खाली होऊ लागतं आणि वैमानिक जितक्या निष्ठेने ते सावरायला जातो तितकं जास्त होतं. मर्यादेवरच्या एका हेलकाव्याला विलंबाच्या बरोबर चौपट वेळ लागतो, इथे २.२ सेकंद. चौपट का, तेही बघण्यासारखं आहे. नाक खालून वर येत क्षितिजाशी पोचलं, त्या क्षणी हाताची जी करणी विमानापर्यंत पोचते ती पाव आवर्तन आधीच्या दृश्यावरची असते, आणि पाव आवर्तन आधी नाक सगळ्यात खाली होतं. म्हणजे नाक नेमकं जिथे हवं तिथे असताना विमानाला 'वर, अजून वर' असा हुकूम मिळतो. वरच्या टोकाहून परतताना हेच उलटं. वैमानिक पूर्णपणे बरोबर वागत असतो, फक्त होऊन गेलेल्या क्षणाशी.

२६ ऑक्टोबर १९७७ रोजी कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर हेच सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलं. नासाचं स्पेस शटल अजून अवकाशात गेलेलं नव्हतं. 'एंटरप्राइज' हे चाचणीचं शटल बोइंग ७४७ च्या पाठीवरून वर नेऊन सोडायचं आणि ते इंजिनाशिवाय तरंगत खाली उतरवायचं, अशा चाचण्या चालू होत्या. ही पाचवी आणि शेवटची. आधीच्या चारही वेळा सुकलेल्या तळ्याच्या ऐसपैस पात्रात उतरले होते. या वेळी पहिल्यांदाच काँक्रीटच्या धावपट्टीवर, ठरलेल्या जागी टेकायचं होतं. पाहायला ब्रिटनचे युवराज चार्ल्स आले होते. दांडी फ्रेड हेज यांच्या हातात. अपोलो १३ मधून जिवंत परतलेला हा माणूस, त्याच्या कसबाबद्दल शंका घेण्याचं काही कारणच नव्हतं. शेजारी गॉर्डन फुलर्टन.

विमान जरा जास्त वेगात आलं. ठरलेली जागा मागे जाऊ नये म्हणून हेज यांनी नाक खाली-वर करून ते बसवायचा प्रयत्न केला. जमीन जवळ, नेम अचूक साधायचा, म्हणजे हाताची तातडी आपोआप वाढलेली. शटलमध्ये दांडी आणि विमानाला वळवणाऱ्या पंखावरच्या पडद्या यांच्यामध्ये संगणक होता. त्याचं गणित, गाळण्या (फिल्टर), हायड्रॉलिक यंत्रणा यांचा मिळून पाव सेकंदाच्या आसपास विलंब होत होता. भर म्हणून वैमानिकाची खुर्ची अशा जागी होती की नाक उचलायला सुरुवात झाली तरी तिथे वर गेल्याचं लगेच जाणवत नसे. नाक डोलू लागलं, चाकं टेकली, शटल उसळलं, मग दोन्ही बाजूंना कलंडू लागलं. पडद्यांचा सगळा वेग नाकाच्या हेलकाव्यांतच खर्ची पडत होता, बाजूचा कल सावरायला उरत नव्हता. हेज यांनी दांडीवरचा जोर सोडला तसे हेलकावे शमले आणि विमान सुखरूप उतरलं.

यानंतर नासाने जे केलं ते या क्षेत्रातल्या उत्तम कामांपैकी आहे. त्यांच्याकडे एफ-८ हे संगणकाच्या मदतीने उडणारं विमान होतं. त्याच्या संगणकात १९७८ मध्ये मुद्दाम विलंब घालून वैमानिकांना धावपट्टीला टेकून पुन्हा उडायला सांगितलं. विलंब थोडाथोडा वाढवत नेला. अशाच एका फेरीत, ०.१ सेकंदाची भर असताना, जॉन मँके यांच्या विमानाने जमिनीलगत जोरदार हेलकावे खाल्ले. ते सावरून वर गेले. शटलसाठी मग एक गाळणी बसवली गेली. वैमानिकाचा हात हेलकाव्याच्या त्या विशिष्ट लयीत जोरात हलू लागला की ती त्याच्या हुकमाची धार कमी करायची, म्हणजे तातडीचा आकडा खाली आणायची. १९८० च्या अमेरिकन लष्करी मानकात विमानाच्या विलंबाला मर्यादाच घातली गेली: उत्तम श्रेणीच्या विमानासाठी ०.१ सेकंद, निभावून नेण्याजोग्यासाठी ०.२, आणि ०.२५ च्या पलीकडे काहीही नको.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही की गणिताने इथे माणसाची बाजू घेतली. असे हेलकावे आले की बाहेरून पाहणाऱ्याला सरळ दिसतं की दांडी वैमानिक हलवतोय, त्याने सोडली की थांबतंय. म्हणजे चूक त्याचीच. समीकरण नसतं तर हे खोडून काढायला काही साधन नव्हतं. ०.९ आणि १.६५ यांतला फरक वैमानिकाने निर्माण केलेला नाही, आराखड्याच्या कागदावर तो आधीच होता. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने १९९७ साली या विषयावर जो अहवाल काढला त्याचे अध्यक्ष मॅकरूअरच होते. त्यात हा प्रश्न वैमानिकाच्या दोषाचा न मानता विमान आणि वैमानिक यांच्या जोडणीचा मानला आहे. चाळीस वर्षं याच जोडणीचं गणित करणाऱ्या माणसाकडून हा अहवाल यावा हे योग्यच झालं.

विलंब नेहमी तेवढाच राहत नाही, ही यातली सर्वांत दगाबाज बाब. पंखावरची पडदी किती वेगाने हलू शकते याला मर्यादा असते. वैमानिकाने आणि संगणकाने मिळून तिच्यापेक्षा जास्त वेग मागितला की पडदी मागे राहू लागते आणि जो विलंब एरवी नगण्य होता तो एकाएकी मोठा होतो. स्वीडनचं ग्रिपेन विमान १९८९ मध्ये लिंकपिंग इथे उतरताना उलटलं आणि दुसरं १९९३ मध्ये स्टॉकहोममधल्या जलोत्सवाच्या गर्दीवरून जाताना कोसळलं, त्याच्या मुळाशी ही गोष्ट होती. दोन्ही वेळा वैमानिक लार्स रोडेस्ट्रम होते, दोन्ही वेळा ते वाचले आणि खाली कुणी दगावलं नाही. विमान शंभर वेळा गुणी वागतं आणि एकशेएकाव्या वेळी, दांडी जरा जोरात ओढली म्हणून, दुसरंच विमान होऊन बसतं. वैमानिकाला तर नव्या स्वभावाशी जुळवून घ्यायला निदान काही सेकंद हवेत. तेवढ्यात सगळं संपलेलं असतं.

मग असे हेलकावे सिम्युलेटरमध्येच आधी का पकडता येत नाहीत? बरेचसे येतात, पण सिम्युलेटर जे देऊ शकत नाही त्याचाही हिशोब ठेवावा लागतो. पहिली गोष्ट, गतीची जाणीव. कानाच्या आत द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं वळायला लागलं की डोळ्यांना दृश्य बदललेलं कळण्याआधी त्या मेंदूला खबर देतात. तिसऱ्या, घसरणाऱ्या प्रकारच्या यंत्रावर काम करताना ही खबर फार कामी येते. खुर्ची स्थिर ठेवून आणि ती खरोखर हलवून केलेल्या प्रयोगांची तुलना केली की दिसतं, गती मिळाल्यावर वैमानिक तोच नेम कमी तफावतीत राखतो. पण सहा पायांवर उभी असलेली सिम्युलेटरची खोली मीटर-दोन मीटरच सरकू शकते. म्हणून गतीची पहिली चाहूल द्यायची आणि मग खोली इतक्या हळू मध्यावर परत आणायची की आतल्या माणसाला पत्ता लागू नये. सतत वेग वाढतोय असं भासवायचं असेल तर खोली मागे कलवतात. १० अंश कलली की वजनाचा सहावा हिस्सा पाठीवर रेलतो आणि मेंदू त्याला वेगवाढ समजतो. कलवण्याची क्रिया मात्र अगदी सावकाश व्हायला हवी, नाहीतर कानातल्या नळ्या चुगली करतात. कॅलिफोर्नियातल्या नासाच्या एम्स केंद्रात एक सिम्युलेटर आहे, ज्यातली खोली दहा मजली इमारतीच्या आत तब्बल १८ मीटर वर-खाली जाते. एवढा खटाटोप कशासाठी, तर खोटी चाहूल कमीत कमी द्यावी लागावी म्हणून.

दुसरी गोष्ट, सिम्युलेटरचा स्वतःचा विलंब. संगणकाने विमानाची नवी स्थिती काढायची, चित्र रंगवायचं, ते पडद्यावर यायचं, यात काही शतांश सेकंद जातात. ते वेगळे मोजून वजा केले नाहीत तर यंत्राची सुस्ती माणसाच्या नावावर चढते.

तिसरी गोष्ट मात्र कुठल्याच यंत्राने भरून येत नाही. सिम्युलेटरमध्ये जमीन जवळ आली तरी मरण जवळ येत नाही. भीतीने हाताची तातडी वाढते आणि तातडी हा तर गुणाकारातला अर्धा भाग. जमिनीवरच्या खोलीत निवांत उतरलेलं विमान खऱ्या धावपट्टीवर उसळलं, असं याच कारणाने वारंवार झालं आहे. म्हणून दुसऱ्या विमानाचा स्वभाव अंगात घेऊ शकणारी खास विमानं बनवली गेली: संगणकाला सांगायचं की आता तू अमुक विमानासारखा वाग, आणि मग खऱ्या आकाशात, खऱ्या जमिनीलगत ते उडवायचं. शेजारच्या किंवा मागच्या आसनावर एक सावध वैमानिक असतोच. गडबड झाली की तो एका कळीने मूळ स्वभाव परत आणतो. आपल्या तेजसचं गणित याच वाटेने गेलं. तेजस मुळातच अस्थिर विमान, संगणकाशिवाय क्षणभरही सरळ न राहणारं. त्याचे नियंत्रणाचे नियम बंगळुरूत नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजच्या पुढाकाराने घडले, तिथल्या सिम्युलेटरांवर हवाई दलाच्या चाचणी-वैमानिकांनी ते घासूनपुसून घेतले आणि पुढे अमेरिकेतल्या व्हिस्टा नावाच्या अशाच एका एफ-१६ विमानावर ते हवेत तपासले गेले. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी तेजस पहिल्यांदा उडवलं तेव्हा ते विमान नवं होतं, पण त्याचा स्वभाव हाताच्या ओळखीचा होता.

या गणिताच्या हद्दीही स्पष्ट सांगायला हव्यात. हे सगळं हात आणि डोळे यांच्या सेकंदा-दोन सेकंदांच्या कामाबद्दल आहे. उतरावं की वळसा घालावा, कुठल्या काट्यावर विश्वास ठेवावा, सहवैमानिकाचं ऐकावं का, यांतलं काहीही त्यात येत नाही. १९७० च्या सुमारास डेव्हिड क्लाइनमन, शेल्डन बॅरन आणि विल्यम लेव्हिसन यांनी वैमानिक म्हणजे अपुऱ्या, धूसर माहितीवरून शक्य तितका चांगला निर्णय घेणारा गणिती, अशा कल्पनेवर दुसरं मॉडेल रचलं. त्याने अनेक काटे एकदम बघणारा वैमानिकही हिशोबात आणता आला. अलीकडे डेल्फ्टसारख्या ठिकाणी, विमान मध्येच बदललं तर माणूस किती वेळात स्वतःला बदलतो, हे मोजण्याचं काम चालू आहे. ग्रिपेनच्या बाबतीत हाच प्रश्न अनुत्तरित राहिला होता. मला यातलं हे काम सर्वांत निकडीचं वाटतं, कारण स्वयंचलित यंत्रणा हात टेकते आणि विमान एकाएकी माणसाच्या हवाली होतं ते नेमकं अशा बदलत्या क्षणी.

आणि काही ठिकाणी हिशोबच सांगतो की माणसाने दांडीला हात लावू नये. अमेरिकेचं प्रिडेटर हे चालकरहित विमान हजारो किलोमीटरवरच्या खोलीतून उपग्रहामार्फत उडवलं जाई. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. चित्र वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, हुकूम वर जाऊन खाली जायला पाव सेकंद. प्रकाशाचा वेग वाढवता येत नाही. माणसाचे ०.३ धरून ०.८ सेकंद झालेच. त्यात चित्र दाबून पाठवण्या-उलगडण्याचा वेळ मिळवला की विलंब सहज सेकंदाच्या पुढे जातो. दोन सेकंद धरले तर तातडी ०.७८ च्या खाली ठेवावी लागेल आणि हेलकावा आठ सेकंदांचा होईल. एवढ्या संथ हाताने आकाशात सरळ जाता येतं, धावपट्टीवर टेकता येत नाही. म्हणून उड्डाण आणि उतरणं हे तळावरच बसलेल्या, थेट रेडिओने जोडलेल्या वेगळ्या चमूकडे असे; विमान उंचीवर स्थिरावलं की मगच ते दूरच्या खोलीच्या ताब्यात जाई. नंतरच्या चालकरहित विमानांत टेकण्याचं कामही विमानातल्याच संगणकाकडे गेलं, कारण त्याच्या आणि पडद्यांच्या मध्ये उपग्रह नसतो. दूरचा माणूस आता कुठे जायचं तेवढं सांगतो.